एवढ्या थंडीत ठेवता काय?

माझ्या नोकरीबद्दल गावाने मला नाही नाही ते प्रश्न विचारले. पगार किती, साहेब कसा, राहायला क्वार्टर दिली का, आणि हे सगळं ठीक पण लग्नाचं काय. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच प्रश्न विचारला आणि तोच वर्षानुवर्षं विचारत राहिले.

"एवढी थंडी करून तिच्यात ठिवता काय?"

मी परराज्यातल्या एका संशोधन केंद्रात काम करते. तिथे अणूहून बारीक कणांना प्रचंड वेगाने पळवणारं एक लांबलचक यंत्र आहे. त्याच्या काही भागांतून वीज जराही न अडखळता खेळायला हवी असेल, तर ते भाग द्रवरूप हेलियममध्ये बुडवून ठेवावे लागतात. शून्याखाली दोनशे एकोणसत्तर अंश. ही थंडी तयार करायची, टिकवायची आणि कुठे गळू द्यायची नाही, एवढंच आमच्या गटाचं काम. कण कुठून आले आणि कुठे गेले, ते शास्त्रज्ञ बघतात. आम्ही फक्त गारठा सांभाळतो.

हे मी नानांना पहिल्यांदा समजावलं तेव्हा ते गोठा झाडत होते. खराटा थांबवून ते म्हणाले, "पावसाळ्यात आमी कपिलधारला गेलतो, तवा त्या धबधब्याखाली उबं राहिलतो. दातखीळच बसली. त्येच्यापेक्षा गार?"

"लई गार, नाना."

"मग तिच्यात ठिवता काय?"

"काही नाही. म्हणजे, ठेवायला म्हणून नाही करत आम्ही."

रिकाम्या फ्रीजचं बिल भरणाऱ्या माणसाकडे बघावं तसं नानांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खराटा हातात घेतला. मला राग आला होता. एवढं शिकून आपल्या बापाला आपलं काम सांगता येऊ नये, याचा राग. तो मी मनातल्या मनात नानांवर काढला, कारण तेच समोर होते.

आमचं घर केजपासून थोडं आत. चार एकर माळरान आणि पिढ्यान्‌पिढ्या लाल कंधारी जनावरं. नानांचा एक वळू होता. विटेसारखा तांबडा, डोळ्यांभोवती काळी कड, आणि स्वभाव असा की अख्ख्या गावात फक्त माझी आई त्याला शिव्या देऊ शकायची. तालुक्याच्या जनावरांच्या प्रदर्शनात तो पहिला आला, तेव्हा एका पैदास केंद्राने काही महिने त्याला नेऊन त्याचं वीर्य गोठवून ठेवलं. नानांना ते तेव्हा फारसं पटलं नव्हतं. वळू परत आला तो बारीक होऊन आला, एवढीच त्यांची तक्रार.

मग लंपी आली. अंगावर गाठी उठायच्या, जनावर खाणं सोडायचं. गोठ्यातली तीन गेली, आणि सगळ्यात शेवटी वळू. नानांनी बांधाच्या कडेला खड्डा खणून घेतला, मीठ टाकलं, माती ओढली, घरी येऊन आंघोळ केली आणि जेवायला बसले. आई फोनवर मला म्हणाली, "रडले असते तर बरं झालं असतं. नुसते भाकरीकडं बगत बसले."

मला वळूचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त भीती वाटली. नाना गप्प बसणारे नाहीत. ते भांडतात, टोमणे मारतात, रेडिओवरच्या माणसालाही उत्तर देतात. गप्प नाना मी कधी बघितले नव्हते.

माझा चुलतभाऊ गावोगाव फिरून गायी भरवण्याचं, म्हणजे कृत्रिम रेतनाचं, काम करतो. गोठवलेल्या वीर्याच्या बारीक नळ्या, ज्यांना तो कांड्या म्हणतो, त्याच्याकडे द्रवरूप नायट्रोजनच्या कॅनमध्ये असतात. सगळ्यांना जर्सी पाहिजे असते, कंधारीला कोणी विचारत नाही. पण त्याने खटपट करून त्या केंद्राकडून आमच्या वळूच्या कांड्या मिळवल्या. दोनच मिळाल्या. नानांनी त्याच आठवड्यात शिरूर कासारहून एक कंधारी गाय आणली. तिचे मालक कामाला शहराकडे जाणार होते आणि मागे तिला बघणारं कोणी नव्हतं. गाय वयस्क होती, पण जातीची. एक-दोन वेतं निघतील म्हणाले.

म्हणजे आता नानांचं सगळं ह्या एका म्हातारपणाकडे झुकलेल्या गायीवर आणि दोन कांड्यांवर आलं होतं. एक वासरू झालं तर वळूचं रक्त गोठ्यात राहणार. नाही झालं तर संपलं.

मे महिन्यात आमच्याकडे यंत्र दुरुस्तीसाठी बंद होतं म्हणून मी सुट्टीवर आले. केजला एसटीतून उतरून जीप धरली, दुपारी घरी पोचले, तर नाना दारातच उभे. चेहऱ्यावर किती तरी दिवसांनी हसू.

"ये, बग काय केलंय. तुझंच काम केलंय."

झालं होतं असं. नायट्रोजन देणारी गाडी दोन खेपा आली नव्हती. भावाचे कॅन सुकायला लागले, म्हणून त्याने आपल्या बाकीच्या कांड्या बीडच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या मोठ्या टाकीत नेऊन ठेवल्या. नानांनी आपल्या दोन द्यायला साफ नकार दिला. "सरकारी टाकीत गेलं की कुनाचं कुनाला. माझ्याच गायीला माझा वळू मिळंल कशावरून?" आणि भावाचा सगळ्यात लहान कॅन, त्यात जेमतेम उरलेला नायट्रोजन आणि दोन कांड्या घेऊन ते जीपमध्ये मांडीशी धरून घरी आले होते.

मागच्या खोलीत तो कॅन ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवला होता. इथवर मला हसू आलं. उन्हाळ्यात माठ ठेवतात तसा. मग माझी नजर झाकणावर गेली.

आमच्याकडे आता घरोघरी जनावरांच्या चाऱ्यासाठी मुरघास करतात. हिरवा मका कुट्टी करून मोठ्या बॅगेत दाबून भरायचा, तोंड आवळून बांधायचं आणि वारा आत जाऊ द्यायचा नाही. जरा हवा लागली की मका सडतो. नानांचा मुरघास गावात नावाजलेला, कारण त्यांच्याइतकं घट्ट कोणी बांधत नाही. त्याच हातांनी, ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून, त्यांनी कॅनचं झाकण मानेशी करकचून आवळलं होतं. एकावर एक वेढे.

"थेंब बी उडून जात न्हाई आता," नाना म्हणाले. "त्या पोराला येवडं बी सुचलं न्हाई. नुसतं ठिवल्यावानी झाकन ठिवतो. वाफ उडून चाललीय आन हा बगतोय."

ते झाकण सैल असतं ते उगाच नव्हे. आतला नायट्रोजन सतत थोडा थोडा उकळत असतो आणि त्याची वाफ बाहेर जावीच लागते. कोंडली तर दाब वाढत जातो आणि असा कॅन फुटतो. आमच्याकडे नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, आणि त्यानंतर रोज. ट्यूबचे वेढे ताणून फुगले होते, आणि कुठून तरी बारीक फुसफुस ऐकू येत होती.

मी नानांवर आयुष्यात आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी ओरडले. "बाहेर व्हा! आई, तूही! अंगणात जा आधी!" खिडकी उघडली, कोपऱ्यातला विळा घेतला, बाजूला उभं राहून, तोंड फिरवून, पट्टी कापली. झाकण उडून आढ्याला लागलं आणि पांढऱ्या धुराने खोली भरली. मी बाहेर पळाले. उंबऱ्यावर बसलेल्या कोंबड्या ओरडत बाभळीवर चढल्या त्या संध्याकाळपर्यंत उतरल्या नाहीत.

धूर विरल्यावर मी आत जाऊन कॅनमध्ये लाकडी पट्टी बुडवली, बाहेर काढून हवेत हलवली. जिथपर्यंत द्रव असतो तिथपर्यंत पट्टी पांढरी पडते. दोन पेरांइतकी पांढरी पडली. कांड्यांचे बुडखे कसेबसे बुडत असतील. वरचं किती तापलं, आत जे होतं ते जगलं की मेलं, हे नुसत्या डोळ्यांना कळायचा काही मार्ग नव्हता.

मी नानांना सगळं सांगितलं. लपवून काय करणार? ते गोठ्याच्या ओट्यावर बसले.

"म्हंजी म्या मारला का त्येला? माज्या हातानं?"

"तसं नाही म्हणाले मी. अजून थंड आहे. आत्ता नायट्रोजन मिळाला तर वाचेल."

पण मिळणार कुठून? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. भावाला फोन लावला. गाडी आणखी दोन दिवस येत नव्हती. मग तो म्हणाला, "ताई, एक इचारू? आज केजला लग्न हाय. त्या पुढाऱ्याच्या पोरीचं. समद्या तालुक्याला आवतन हाय. तितं धुराचं पान हाय म्हनं."

धुराचं पान म्हणजे पानाचा विडा द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून काढतात, तो तोंडात टाकला की नाकातोंडातून धूर निघतो. आजकाल लग्नात त्यावाचून अडतं. माझ्या आयुष्याचं शिक्षण ज्या थंडीवर झालं ती थंडी पाहुणे नाकातून सोडतात, याचा मला कायम संताप यायचा. त्या दिवशी मी त्या पानवाल्याला मनातून आशीर्वाद दिला.

कॅन घेऊन आम्ही निघालो. आईने म्हटलं, लग्नाला जाताय तर निदान धुवट धोतर तरी नेसा. नाना तसेच आले.

गोरज मुहूर्त होता. म्हणजे मुहूर्त टळून गेला होता आणि नवरदेव अजून घोड्यावरच होता. पानाच्या स्टॉलपुढे मात्र ही रांग. पानवाला लातूरकडचा, डोक्याला रंगीत पट्टी बांधलेला. त्याच्या पायाशी नायट्रोजनचा मोठा कॅन होता.

"मला त्यातलं पायजे," नाना थेट म्हणाले.

"रांगेत या, काका."

"पान नगं. पानी पायजे. वळूसाठी."

"वळूला पान खाऊ घालता व्हय?" पानवाला हसला. मी पुढे होऊन सगळं सांगितलं, तेव्हा तो हसायचा थांबला, पण त्याचाही धंदा होता. "ताई, लग्नाचं ठरीव काम हाय. रांग संपू द्या. उरंल ते न्या."

आम्ही बाजूच्या खुर्च्यांवर बसलो. एकेक जण विडा तोंडात घ्यायचा, धूर सोडायचा, फोटो काढायचा आणि काही जण पुन्हा रांगेत लागायचे. प्रत्येक विड्याला नाना खुर्चीत अर्धे उठत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. रांगेच्या शेपटाशी जाऊन ते कोणाशी तरी हळू आवाजात बोलायला लागले. थोड्या वेळाने रांग निम्मी झाली.

"काय सांगितलंत?"

"काय न्हाई. म्हनलं, आमच्या पाहुन्याची जीभ चिकटलती ह्या पानानं. आजून बोबडं बोलतोय."

"नाना, हे खोटं आहे."

"मग काय करू? माजा वळू खायला लागलेत की समदे."

पानवाल्याने सगळं बघितलं होतं. त्याने नुसतं डोकं हलवलं आणि मला खुणेने मागे बोलावलं. मंडपाच्या मागे, मोकळ्या हवेत, मी त्याच्या कॅनमधून आमच्या कॅनमध्ये ओतायला लागले. अगदी बारीक धारेने. कॅनची मान तापलेली असते, एकदम ओतलं तर सगळं उसळून बाहेर येतं. मान गार होऊ द्यायची, मग जरा ओतायचं, थांबायचं. पुन्हा ओतायचं. आमच्या यंत्रालाही असंच थंड करतात, फक्त तिथे त्याला आठवडे लागतात. नाना शेजारी उकिडवे बसून बघत होते. त्यांनी मला काम करताना पहिल्यांदाच बघितलं.

"हेच करतीस व्हय तितं?"

"हेच. जरा मोठ्या कॅनमध्ये."

"हात चांगला हाय तुजा," नाना म्हणाले. आमच्या घरात ही शाबासकी फक्त धार काढणाऱ्याला मिळते.

चार दिवसांनी गाय माजावर आली. भावाने एक कांडी काढली, कोमट पाण्यात सोडली आणि गाय भरवली. नाना तिच्या तोंडाशी उभे राहून तिला काहीबाही सांगत होते. मी कामावर परतले. तीन आठवड्यांनी आईचा फोन आला. गाय उलटली. म्हणजे पुन्हा माजावर आली, म्हणजे राहिली नाही.

आता एकच कांडी उरली.

आणि नानांनी ती वापरायचं नावच काढलं नाही. गाडी आता नियमाने येत होती, भाऊ कॅन भरून देत होता. नाना रोज सकाळी पट्टी बुडवून बघायचे आणि मला फोन करायचे. "आज वीतभर हाय. तुमचं किती?" मी नियंत्रण कक्षात बसून आमच्या हेलियमची पातळी सांगायची. "ध्यान ठिव," ते म्हणायचे. दुरुस्ती संपली होती आणि आम्ही यंत्र पुन्हा थंड करत होतो.

"चालू कवा करनार मग?" त्यांनी एकदा विचारलं.

"अजून बरेच दिवस नुसती थंडीच करायची. घाईने केली तर पाईप आकसून सांधे सुटतात. ऐनवेळी थंडी होत नाही, नाना. आधी थंडी, मग काम."

"हूं," नाना म्हणाले. मला वाटलं त्यांचं लक्ष नव्हतं.

पोळ्याला मी घरी आले. आमच्याकडे पोळ्याला बैल नसला तर मातीचा करून पूजतात. नानांनी मातीचा केला नव्हता. गोठ्यात वळूच्या जागी चौरंग होता, चौरंगावर तो कॅन, त्याला हळदकुंकू, कडीला गोंडा, वर बाशिंग, आणि पुढे पुरणपोळीचा नैवेद्य.

माझं डोकं फिरलं. "अहो, डबा आहे तो! ॲल्युमिनियमचा डबा!" आई माझ्याकडे बघून नको नको अशी मान हलवत होती. मग माझंच मला कळेना, मी तिथे गव्हाणीला टेकून रडायला लागले. वळू गेला तेव्हा मी आले नव्हते. माझं रडणं तेव्हाचं होतं.

नाना शेजारी येऊन उभे राहिले. डोळे पुसून मी म्हणाले, "भरवायचं का थांबवलंत, नाना? गाय म्हातारी होत चाललीय."

"दर खेपेला म्हनत्यात, फुडल्या टायमाला," आई चुलीपासून म्हणाली.

"हाय तवर हाय," नाना म्हणाले. "ती एक आत हाय तवर त्यो हाय. भरवली आन न्हाई लागली, तर समजनारच की म्याच मारला. त्या ट्यूबनं."

"थंडीत आहे म्हणजे जिवंत आहे असं नव्हे. थांबलेलं आहे. आम्हालाही यंत्र गरम करताना दर वेळी वाटतं, काय गळेल, काय फुटेल. पण करावंच लागतं."

"न्हाई लागली तर मग म्या सकाळी उटून काय मोजू?"

दुसऱ्या दिवशी मी निघून आले.

पुढे एका सकाळी पातळी सांगणारा फोन आला नाही. दुपारी आला. "केलं," नाना म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतरचे तीन आठवडे मी नियंत्रण कक्षात बसून पडद्याऐवजी मोबाईलकडे बघत होते. गाय उलटली नाही. आणखी काही आठवड्यांनी भावाने हात घालून तपासलं. गाभण होती.

संक्रांतीला घरी गेले. गाय उन्हात रवंथ करत होती, पोट दिसायला लागलं होतं. नानांचा आवाज परत आला होता. आल्या आल्याच त्यांनी मला जीपवाल्याशी झालेलं भांडण सांगितलं, त्यात त्यांचीच चूक होती. मग ते मागच्या खोलीत गेले आणि मी त्यांच्या मागे.

कॅन तिथेच होता, ओल्या गोणपाटात. कुंकू अजून पुसलं नव्हतं.

"हा परत दिला नाही? भावाचा आहे ना?"

"इकत घेतला त्याच्याकडून."

"आत काय आहे?"

"काय न्हाई."

"मग भरता कशाला, नाना? रिकामा कॅन?"

"तुमी न्हाई का भरीत?"

नानांनी गोणपाटाची घडी सारखी केली.

"गोऱ्हा झाला तर?" ते म्हणाले. "थोर झाला, चांगला निगाला, त्येच्या कांड्या काडल्या, तवा कॅन हुडकीत फिरू? का पुन्हा लग्नात जाऊन बसू? तहान लागल्यावर हीर खंदायची व्हय? तूच म्हनलीस. आदी थंडी, मग काम."

गाय व्यायला अजून पाच महिने होते. वासरू मोठं व्हायला वर्षं लागणार होती. नाना सत्तरीला आलेत. मी झाकण उचलून आत पाहिलं. पांढरी वाफ, आणि खाली काहीच नाही. मी पट्टी घेतली, बुडवली, हवेत हलवली.

"किती?" नानांनी विचारलं.

"भरलाय."

"मग ठिव झाकन," नाना म्हणाले. "घट्ट नगं."